वॉर्डातला काटा

काटेवाल्याला पहिला संशय आला तो चमच्यावरून.

त्याचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करत होता. भाजीवाल्यांचे, धान्याच्या गोदामातले, टपाल कचेरीतले. म्हणून सगळे त्याला काटेवाला म्हणत. त्याची बायको तीन आठवड्यांपासून कॅन्सरच्या वॉर्डात होती. पोटात गाठ होती. ऑपरेशनच्या आधी औषधाचे चार डोस द्यायचे होते. दोन झाले होते, तिसरा येत्या गुरुवारी होता. काटेवाला रोज दुपारी घरून डबा करून न्यायचा आणि डब्यात पुसून एक स्टीलचा चमचा ठेवायचा. डबा परत यायचा, चमचा यायचा नाही. आठवड्यात पाच चमचे गेले.

"अगं, चमचे जातात कुठे?" त्याने बायकोला विचारलं.

"असतील इथेच. सिस्टरना विचारा."

सिस्टर म्हणजे वॉर्डातल्या पेशंटच्या खाण्यापिण्याचं बघणारी नर्स. ठेंगणी, चाळिशीची, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना अर्धं वाक्य मागे आणि अर्धं पुढे बोलणारी. त्याने विचारलं तर चालता चालताच म्हणाली, "आहेत माझ्याकडे, काका. न्या नंतर." आणि गेलीसुद्धा.

माझ्याकडे आहेत म्हणजे काय? काटेवाला तिच्या पाठीकडे बघत राहिला.

एकदा मनात पाल चुकचुकली की माणसाला भिंतभर पालीच दिसायला लागतात. त्याचं तसंच झालं. डबा पोचला की सिस्टर तो बायकोच्या हातात देत नसे. बाहेर पॅसेजमध्ये नेऊन झाकण उघडायची. तो सकाळी उठून गरमागरम करून न्यायचा, ती गार करून द्यायची. तिच्या खणात एक पांढरी भुकटी होती, बरणीवर ना नाव ना चिठ्ठी. ती भुकटी सूपमध्ये ढवळताना त्याने दोनदा पाहिलं होतं. आणि जेवायची वेळ झाली की ती पडदा ओढून म्हणायची, "काका, जरा बाहेर बसा बरं." अर्ध्या तासाने डबा धुऊन-पुसून लखलखीत हातात. आत एक शीत नाही.

एवढं सगळं बायको खाते? जी घरी अर्धी वाटी भात पाऊण तास चिवडत बसायची, ती?

"खाल्लंस?" तो विचारायचा.

"खाल्लं," ती म्हणायची, आणि खिडकीकडे बघायची.

त्यात त्याच्या मेहुणीने तेल ओतलं. बायकोची ही धाकटी बहीण दर रविवारी यायची आणि वॉर्डातल्या बारा भानगडी गोळा करून जायची. या रविवारी ती त्याला जिन्यापाशी घेऊन गेली.

"भाऊजी, तुम्ही फार भोळे आहात."

"काय झालं?"

"मी आत्ता वॉर्डाच्या त्या छोट्या स्वयंपाकघरापाशी उभी होते. तुमची सिस्टर ताईच्या डब्यातलं खात होती. चमच्याने. उभ्या उभ्या. या डोळ्यांनी पाहिलं!"

"किती खाल्लं?"

"आता मी काय काटा घेऊन उभी होते? खात होती म्हणजे खात होती. आणि अंगाने बघा कशी आहे. ताई वाळतेय आणि ही भरतेय."

दोन दिवसांपूर्वी काटेवाल्याने स्वतःही एक गोष्ट पाहिली होती. पॅसेजच्या टोकाला, चादरींच्या कपाटाशेजारी वॉर्डाचा जुना काटा होता. उभ्या खांबाचा, दांडीवर सरकतं वजन असलेला. पेशंटची वजनं घ्यायच्या आधी सिस्टर स्वतः त्यावर उभी राहिली, दांडी स्थिर होईपर्यंत थांबली, आणि मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, बायकांना असते हौस. आता वाटलं, माझा डबा अंगी लागतोय का ते बघते.

सोमवारी डॉक्टर आले. चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं.

"आल्या तेव्हा तुमच्या मिसेस पन्नास किलो होत्या. मी वजनात दहा टक्क्यांपर्यंत उतरण चालेल असं धरतो. म्हणजे पंचेचाळीस. त्याच्या खाली गेल्या तर गुरुवारचा डोस देता येणार नाही. शरीराला झेपणार नाही. मग आधी नाकातून नळी घालून खाणं सुरू करावं लागेल."

"आज किती आहे?"

"सेहेचाळीस," सिस्टर म्हणाली. "बुधवारी पुन्हा करू."

डॉक्टर गेल्यावर बायकोने त्याचं मनगट धरलं. तिच्या वडिलांना शेवटच्या आजारात अशीच नळी घातली होती. एकोणीस दिवस ती त्यांच्या उशाशी बसून होती, आणि त्या दिवसांबद्दल लग्नानंतर तिने फक्त एकदा सांगितलं होतं.

"अहो, काही करा, पण नळी नको."

"नाही घालू देणार."

"डोसही चुकायला नको. एकदा चुकला की सगळंच लांबतं, असं ती पलीकडची आजी म्हणत होती."

"नाही चुकणार. तू खातेस ना?"

ती पुन्हा खिडकीकडे बघायला लागली.

चादर बदलायची होती म्हणून त्याने तिला उचलून खुर्चीत ठेवलं. आणि तिथे त्याला कळलं. एकतीस वर्षं ज्याने पाच, दहा, वीस किलोची लोखंडी वजनं उचलली त्याचे हात फसत नाहीत. ही सेहेचाळीस नव्हती. पंचेचाळीसही नव्हती.

म्हणजे आकडा खोटा होता. डबा कुणी दुसरंच खातंय, बायको वाळतेय, आणि कुणाला कळू नये म्हणून वजन वाढवून लिहिलं जातंय. त्याच्या मनात सगळं एकाला एक लागून उभं राहिलं.

मंगळवारी दुपारी तो दोन पिशव्या घेऊन आला. प्रत्येकीत पाच-पाच किलोची दोन वजनं. दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उचलून बघितली आणि परत खाली ठेवली.

"काय आहे हो यात?"

"फळं."

"फळं? कुठल्या झाडाची?"

"पेशंटला ताकद यायला हवी ना," काटेवाला म्हणाला आणि आत शिरला.

दोन वाजता नर्सांची पाळी बदलायची. पंधरा मिनिटं सगळ्या, दिवसभर असणारी सिस्टरसुद्धा, त्यांच्या खोलीत, एकमेकींना पेशंट समजावून देत. पॅसेज रिकामा होता. त्याने काट्यावर चारही वजनं ठेवली. वीस किलो. दांडी स्थिर झाली तेव्हा आकडा होता वीस किलो सहाशे ग्रॅम.

शेकडा तीन जास्त. रिकामा काटा बरोबर शून्यावर येत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आतली तरफ सरकली होती.

तो डॉक्टरांकडे जाऊ शकला असता. गेला नाही. मनात म्हणाला, आत्ता सांगितलं तर सिस्टर म्हणेल, मला काय ठाऊक, काटाच बिघडलाय. उद्या खरा आकडा सगळ्यांसमोर दिसू दे, मग बघू पितळ कसं झाकते ते. आणि दुसरी गोष्ट अशी की बिघडलेला काटा समोर असताना त्याचे हात स्वस्थ बसत नसत. खिशातून पाना काढून त्याने खालचं झाकण उघडलं, आतला स्क्रू पाऊण फेरा फिरवला. पुन्हा वजनं ठेवली. वीस. बरोबर वीस. झाकण बंद करून, हात रुमालाला पुसून, पिशव्या पलंगाखाली सरकवून तो बायकोपाशी बसला. पेशंटच्या भल्याचं काम केल्यासारखं त्याला वाटत होतं.

बुधवारी सकाळी सातला सिस्टर नेहमीसारखी आधी स्वतः काट्यावर उभी राहिली. काटेवाला चादरींच्या कपाटाला टेकून बघत होता. तिने आकडा बघितला, खाली उतरली, परत चढली. वही उघडून मागचं पान पाहिलं. कपाळावर आठी आली.

सापडली, काटेवाल्याने मनात म्हटलं.

मग बायकोला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चव्वेचाळीस किलो आठशे.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सिस्टर, दोन दिवसांत सव्वा किलो?"

"डॉक्टर, मला जरा…"

"आपण पंचेचाळीसच्या खाली आहोत. उद्याचा डोस थांबवा. नळी आज दुपारीच घालू."

काटेवाला सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता पितळ उघडं पडेल, आता पडेल. म्हणून बायकोकडे बघायला त्याला उशीर झाला. ती रडत नव्हती. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून ती त्याच्याकडेच बघत होती, परवा दिलेला शब्द मागत असल्यासारखी.

"डॉक्टर, एक मिनिट," सिस्टर म्हणाली. तिने वही उघडली. "काल सकाळी सात, दूध अर्धा कप, त्यात प्रोटीनची भुकटी दोन चमचे. नऊ वाजता अंड्याचं पांढरं, अर्धं. अकराला गार दही सहा चमचे. एक वाजता डब्यातला भात सात चमचे, चारला उरलेल्यातले पाच. सूप दोनदा. एकही उलटी नाही, जुलाब नाही, पाणी मोजलेलं. एवढं खाल्लेली बाई सव्वा किलो उतरेल कशी? मला बाईवर शंका नाही. मला काट्यावर शंका आहे."

"काटा एकाएकी बिघडेल कसा?"

"मी दर वेळी आधी स्वतः उभी राहते. परवा मी बासष्ट होते. आज साठ आणि वर दोनशे ग्रॅम. पावणेदोन किलो! मला तर कुणी उपाशी ठेवलेलं नाही."

पलीकडच्या पलंगावरची आजी म्हणाली, "मला तरी दिसत नाही उतरलेलं, सिस्टर."

"मलाही नाही दिसत, आजी. म्हणून तर म्हणते."

हौस नव्हती ती. काटेवाला भाजीवाल्याचा काटा तपासायला आपलं पाच किलोचं वजन ठेवतो, तसं ही बाई स्वतःला ठेवत होती.

डॉक्टर समजूतदार होते. "ठीक आहे, वरच्या वॉर्डाच्या काट्यावर बघू," म्हणाले. बायकोला लिफ्टने वर नेलं. तिथेही चव्वेचाळीस आठशे.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आजचा आकडा खरा आहे. पंचेचाळीसच्या खाली."

सिस्टरने वही मिटली. काटेवाला गप्प राहिला असता तर ती दोन दिवसांपूर्वी चुकीचं वजन लिहिणारी ठरली असती. त्याला जे हवं होतं ते सगळं झालं असतं. आणि दुपारी नळी.

"डॉक्टर," तो म्हणाला. "आजचा आकडा खरा आहे. पण पहिल्या दिवशीचे पन्नास खोटे होते."

"म्हणजे?"

"तुमच्या वॉर्डाचा काटा शेकडा तीन जास्त दाखवत होता. आधीपासूनच असणार. तरफ सरकायला वर्षं लागतात. मी… काल दुपारी मी तो सरळ केला."

बायकोने चाकाच्या खुर्चीतून मान वळवून वर बघितलं.

"अहो," एवढंच म्हणाली.

"दाखवतो," काटेवाला म्हणाला.

खाली येऊन त्याने पलंगाखालच्या पिशव्या ओढल्या. चार वजनं ठेवली, वीस. झाकण उघडलं, स्क्रू पाऊण फेरा उलटा फिरवला. वीस किलो सहाशे. मग सिस्टर उभी राहिली. बासष्ट. मग बायकोला धरून उभं केलं. डॉक्टरांनी स्वतः दांडीवरचं वजन सरकवलं.

सेहेचाळीस किलो शंभर.

"सोमवारी सेहेचाळीस होत्या," सिस्टर म्हणाली. "शंभर ग्रॅम वाढल्यात."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागदावर काहीतरी गुणाकार केला, आणि म्हणाले, "पन्नासावरून सेहेचाळीस, एकाच काट्यावर. दहा टक्क्यांच्या आत आहे. डोस उद्या देऊ. नळीचं तूर्तास राहू दे." जाताना काटेवाल्यासमोर थांबले. "तुम्ही तुमच्या दुकानात कुणाला असं हात घालू द्याल?"

"नाही."

"मग?"

उत्तर सिस्टरने मागितलं, छोट्या स्वयंपाकघरात, दार लोटून.

"का केलंत काका? खरं सांगा."

त्याने खिशातला पाना काढून ओट्यावर ठेवला.

"मीच सांगते. तुम्हाला वाटलं, मी डबा खाते."

"मेहुणीने पाहिलं होतं…"

"बरोबर पाहिलं. खाते मी. रोज एक चमचा, माझ्या वेगळ्या चमच्याने. काकूंच्या तोंडात फोड आलेत. आधी चाखल्याशिवाय कसं देऊ? पहिल्या आठवड्यात तुम्ही मिरी घालून सूप आणलंत. बिचारीने दोन चमचे गिळले आणि डोळ्यांतून धारा. आणि एक सांगते, राग मानू नका. मीठ तुम्ही काट्यावर मोजून घालता का?"

"हो," तो म्हणाला. "ग्रॅममध्ये."

"तो काटा एकदा तपासा."

तिने खण ओढला. पाच स्टीलचे चमचे पट्टीच्या कापडात गुंडाळून ठेवलेले, वर पलंगाचा नंबर. "या औषधाने तोंडाला धातूची चव येते. स्टील लागलं की अन्न नकोसं होतं. म्हणून प्लास्टिकचा देते. गरम अन्नाचा वास आला की मळमळतं, म्हणून बाहेर उघडते, गार करते. एका वेळी एवढा डबा जात नाही, म्हणून सहा वेळा देते, उरलेलं फ्रीजमध्ये. ही भुकटी डॉक्टरांनी लिहून दिलेली, मोठ्या डब्यातून काढून बरणीत ठेवते. चिठ्ठी लावायची राहिली, ती चूक माझी. आणि तुम्हाला हे सगळं बसून सांगायला हवं होतं, तीही माझीच. पण चौदा पेशंट आहेत हो, काका."

"मला विचारता आलं असतं," काटेवाला म्हणाला.

"आलं असतं ना! त्याला पाना लागत नाही."

मग तिने त्याला काम दिलं. काटा आता सरळ करायचा, पण आधी चौदाही पेशंटचे जुने सगळे आकडे शेकडा तीनच्या हिशेबाने दुरुस्त करून लिहायचे, तिच्या वहीत, लाल पेनने, आणि प्रत्येक पान तिला दाखवायचं. "तुम्ही एका दुपारी अख्खा वॉर्ड वाळवलात. आता तुम्हीच भरा."

तो दुपारभर स्टुलावर बसून गुणाकार करत होता. पेशंटमागून पेशंट. नवव्या नंबरवर त्याची बायको आली. वजनाच्या आकड्यांशेजारी सिस्टरने रोजचं खाणं लिहिलं होतं, बारीक अक्षरात.

काका भरवतात. भात दोन चमचे. उलटी.

काका समोर. सूप तीन चमचे. नको म्हणाल्या.

काकांना बाहेर बसवलं. सात चमचे.

काका बाहेर. आठ चमचे. दही मागून घेतलं.

त्याने ते पान पुन्हा वाचलं. पेन खाली ठेवलं. लाल शाई बोटांना लागली होती, ती पुसायची त्याला शुद्ध राहिली नाही.

चारला तो बायकोपाशी गेला. सिस्टर वाटीत भात आणि प्लास्टिकचा चमचा ठेवून, पडदा न ओढताच निघून गेली होती.

"तूच सांगितलं होतंस तिला? मला बाहेर बसवायला?"

बायको वाटीकडे बघत होती. "हो."

"का गं? मी काय रागावतो?"

"रागावला असतात तर बरं झालं असतं." ती थोडं थांबली. दम लागायचा तिला. "तुम्ही काट्याकडे बघता ना, तसं माझ्या तोंडाकडे बघता. श्वास धरून. चमचा वर आला की तुमचे डोळे वर, खाली गेला की खाली. मग घासच उतरत नाही. वाटतं, आता हा नाही गेला तर यांचं काय होईल."

"आणि डबा? तो तर रिकामा यायचा."

"मीच म्हटलं होतं, रिकामा करून द्या. तुम्ही पहाटे उठून बटाटे मोजून घेता, ते माहितीये मला. उरलेलं तुम्हाला दाखवायचं मन होत नव्हतं."

काटेवाल्याने खुर्ची उचलली, पलंगाकडे पाठ करून ठेवली, आणि खिडकीकडे तोंड करून बसला. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. पंप वर, पंप खाली.

"हे काय?" मागून बायको म्हणाली.

"मी हवा भरणारा बघतोय."

"बघा बघा."

गुरुवारचा डोस झाला. चौथाही झाला. त्यापुढचं आयुष्य तिला किती मिळालं ते काटेवाला कुणाला सांगत नाही. मिळालं त्यातलं जेवण मात्र ती बहुतेक वेळा त्याच्या पाठीमागे बसून जेवली.

पण तो बुधवार अजून संपायचा होता. मागे वाटीला प्लास्टिक लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. त्याची मान वळायला लागली होती. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीची दांडी धरली आणि मान समोरच ठेवली. सायकलवाला चाक दाबून बघत होता. पुन्हा आवाज आला. पुन्हा.

"अहो," ती म्हणाली, तोंडात घास असताना.

"काय गं?"

"मीठ जास्त झालंय."

"उद्या कमी घालतो," काटेवाला म्हणाला, आणि मागे वळला नाही.